कळ पोचत होती

आईच्या उजव्या हाताचा अंगठा सगळ्यांत आधी गेला. चुलीपुढे बसून तांदळाची भाकरी ती चिमटीत धरून उलटत असे, आणि तव्याची धग तिच्या बोटांना कधी पोळत नसे. त्या सकाळी भाकरी चिमटीतून सुटली. अर्धी तव्यावर आणि अर्धी राखेत पडली. तिनं हाताकडे पाहिलं, डाव्या हातानं अंगठा ओढून पाहिला.

"झोपलाय मेला. उठंना."

माझे वडील, आबा, ओसरीवरून म्हणाले, "राबून राबून दमला असंल. त्याला कुठं सुट्टी हाय?"

"मग तुमी द्या की सुट्टी. थापा आजची भाकर."

आबा हसले. राखेत पडलेला भाग झटकून ती भाकरी त्यांनीच खाल्ली.

मी भोरला एका महाविद्यालयात मराठी शिकवते. आमचं गाव वेल्ह्याच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत आहे. एसटीनं नसरापूर, तिथून वडाप, आणि शेवटचा चढ पायी. शनिवारी दुपारी निघायचं आणि सोमवारी पहाटे परतायचं, हा माझा वर्षानुवर्षांचा क्रम. त्यामुळे आईचं आजारपण मला सलग दिसलं नाही. ते मला आठवड्या-आठवड्याच्या तुकड्यांत दिसलं, आणि प्रत्येक शनिवारी तिच्यातलं काहीतरी उणं झालेलं असे.

एका शनिवारी तिचा डावा हातही मंदावला होता. एकदा तिनं दंडावरचं लुगडं बाजूला करून मला दाखवलं: कातडीखाली काहीतरी सारखं फडफडत होतं, उथळ ओढ्यात पाणी न फोडता मासळी वळावी तसं. "बघ, आत कोण नाचतंय," ती म्हणाली. मी हात ठेवला. कातडी ऊबदार होती आणि तिच्याखालचं ते थरथरणं थांबत नव्हतं. पुढे तिची जीभ जड झाली. शेजारची चुलत जाऊ परसातून हाक मारून म्हणाली, "काय ओ जाऊबाई, आज सकाळीच टाकली व्हय?" आईला उत्तर द्यायचं होतं. "तुज्याच घरची," असं ती म्हणाली, पण शब्दांच्या कडा विरघळून गेल्या होत्या. दोघी पोट धरून हसल्या. हसू शाबूत होतं. हसता हसता जावेनं पदर तोंडाला लावला आणि मग तो काढला नाही.

गावानं निदान लगेच केलं: अंगावरून वारं गेलं. आमच्याकडे कुणाचा हात-पाय लुळा पडला की तो वाऱ्यानं पडतो, आणि वारं ज्या अंगावरून जातं ते अंग बधिर होतं. त्याला टोचलेलं कळत नाही, भाजलेलं कळत नाही. ही गोष्ट इतकी सर्वमान्य आहे की ती कुणी कुणाला सांगत नाही.

पुण्याला मेंदूविकाराच्या डॉक्टरीण बाईंकडे आम्ही तिला नेलं. त्यांनी आईच्या दंडात, मांडीत, मग हनुवटीखाली जिभेच्या मुळाशी बारीक सुई घातली. सुईला तार, तारेला यंत्र, आणि यंत्राला आवाज. निरोगी स्नायू स्वस्थ पडलेला असतो तेव्हा यंत्र गप्प असतं, असं बाई म्हणाल्या. आईचा दंड स्वस्थ पडलेला होता आणि यंत्रातून लाह्या फुटल्यासारखा आवाज येत होता. मध्येच थांबे, पुन्हा तडतडे. शब्दांचा नाद ऐकण्यात माझं आयुष्य गेलं आहे. त्या दिवशी जे ऐकलं त्याला मी आजवर ओळ देऊ शकलेले नाही. मालकीण गेलेल्या घरात भांडी आपोआप वाजत राहावीत, तसं ते होतं.

बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. मेंदूतून आज्ञा निघते, ती पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत उतरते, तिथली पेशी ती पुढं स्नायूपर्यंत पोचवते. आज्ञा उतरवणाऱ्या या पेशी तुमच्या आईच्या मरत चालल्या आहेत. का, ते आम्हाला ठाऊक नाही. थांबवता येत नाही.

"म्हंजी हात बधिर झालाय," आबा म्हणाले.

"नाही. ते वेगळं. त्वचेकडून मेंदूकडे बातमी नेणाऱ्या चेता निराळ्या असतात. त्या यांच्या चांगल्या आहेत. यांना सगळं कळतंय. शेवटपर्यंत कळत राहील."

आबांनी मान हलवली. नाही कळलं तरी मोठ्या माणसापुढे हलवतात, तशी.

बाहेर येताना बाईंनी मला थांबवून आणखी एक सांगितलं. एक दिवस श्वासाचे स्नायूही थकतील. तेव्हा गळ्याला भोक पाडून नळी घालता येते आणि श्वासाचं काम यंत्र करतं. माणूस पुढे बराच काळ जगू शकतो, याच अवस्थेत. "ते तुम्ही ठरवू नका. त्यांना विचारा. त्यांना सांगता येतंय तोवर विचारा."

त्यानंतर मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून बारावीचं जीवशास्त्र आणून वाचू लागले. ज्या शाखेकडे पाठ फिरवून मी कवितेकडे गेले होते, तिच्या पानांवर माझी आई होती. चेतापेशीच्या पातळ आवरणातून क्षारांचे कण आत शिरतात, दुसरे बाहेर पडतात, आणि या ये-जा करण्यातून विजेची एक बारीक लाट तंतूवरून धावत जाते. रक्तातल्या आणि घामातल्या त्याच मिठाची ती करामत. तंतू संपतो तिथे एक फट असते. लाट ती ओलांडू शकत नाही, म्हणून तिथं एक रसायन ओघळतं आणि पलीकडच्या स्नायूला जागं करतं. कूस बदलणं, घोट गिळणं, लेकीला हाक मारणं, सगळं या फटीवरून जातं. पुस्तकात आकृती होती: पाठीच्या कण्याचा आडवा काप, फुलपाखरासारखा. मागच्या बाजूनं बातमी आत येते, पुढच्या बाजूनं आज्ञा बाहेर जाते. दोन्ही मुळं शेजारी शेजारी, बोटभरही अंतर नाही. मी पेन्सिलीचं टोक पुढच्या मुळावर टेकवलं आणि पुस्तक मिटलं.

पावसाळा सरला तेव्हा आईचं बोलणं संपलं होतं. हात मांडीवर ठेवावे तसे राहत. मान एका बाजूला कलली की कुणीतरी सरळ करीपर्यंत कललेलीच. गालावर माशी बसे. तिच्या पायांची चाहूल आईला लागते आहे हे मला तिच्या पापणीवरून कळे, आणि हात उठत नसे. एवढ्या मोठ्या देहात तिच्या इच्छेचं ऐकणारे फक्त डोळे उरले होते. हे असंच होतं, असं बाई म्हणाल्या होत्या. डोळे हलवणाऱ्या चेतांना हा रोग बहुधा शिवत नाही. आम्ही ठरवून घेतलं: वर, आढ्याकडे पाहिलं की हो. डोळे मिटून धरले की नाही. मी वर्णमाला म्हणत असे आणि ती हव्या त्या अक्षरावर वर पाही. मला वाटायचं, आता जी चार-दोन अक्षरं ती निवडील ती केवढी मोलाची असतील. ती 'कूस' म्हणे. 'पाणी' म्हणे. एकदा फार वेळ घेऊन तिनं 'खाज' हा शब्द जुळवला, आणि कुठे ते शोधेपर्यंत माझी दुपार गेली. डाव्या पायाच्या दोन बोटांमधली बेचकी होती ती. मी खाजवलं तेव्हा तिच्या तोंडावर जे सुख पसरलं, ते पाहून मी उठून परसात गेले.

त्या आठवड्यात पेपर तपासायचे होते म्हणून मी शनिवारऐवजी रविवारी निघाले. चढ संपवून घराशी आले तर आधी वास आला. करपलेल्या लवेचा, आणि त्याखाली आणखी एक, गोडसर आणि जड, जो मी पूर्वी फक्त बैलाला डाग देताना घेतला होता.

आमच्या भागात बैल लंगडू लागला, खांद्यातून पाय उचलेना, की तापलेल्या विळ्याच्या टोकानं त्याला डाग देतात. चटका बसला की आखडलेली शीर सुटते असा समज आहे. बैल पाय झाडतो, आणि त्यानं पाय झाडला की डाग लागला असं समजून विळा उचलतात. आबांनी आपल्या सगळ्या बैलांना असे डाग दिले होते आणि त्यांतले काही पुन्हा औताला चालले होते. त्यांचा विश्वास हवेतला नव्हता. कामथडीची माझी आत्या भावजयीवर जीव टाकणारी. तिनंच वरच्या वाडीतला डाग देणारा म्हातारा बोलावून आणला होता.

आई पडवीत खुर्चीवर होती. तिचा उजवा हात पाटावर पालथा पसरलेला. आत्या मागून तिचे खांदे धरून उभी, आबा उकिडवे बसून निखारे फुंकत होते. कोपराखाली एक डाग होता. म्हातारा मनगटापाशी दुसरा देत होता. विळा टेकला होता आणि उचलत नव्हता.

"लागंना," तो म्हणाला. "आत गेलंच न्हाई अजून."

"हळू की ओ बाबा," आत्या म्हणाली. "माझी वैनी काय बैल हाय व्हय?"

"बैल असता तर आतापातूर लाथ घातली असती. ह्ये अंग लई निजलंय. जरा धरावं लागंल."

मी आईच्या तोंडाकडे पाहिलं. चेहरा नेहमीसारखाच सैल, ओठ किंचित उघडे. पण कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. डोळ्यांच्या बाहुल्या पसरून सगळं बुबुळ काळं झालं होतं. गळ्याची शीर उडत होती, आणि त्याच हातावर, डागाच्या वर, काटा उभा राहिला होता. घाम, बाहुल्या, काळजाचा ठोका, अंगावरचा काटा यांचा कारभार देहात वेगळाच चालतो. तो माणसाच्या इच्छेला विचारत नाही, आणि त्याच्या चेताही निराळ्या. डोळ्यांखेरीज तेवढ्याच तिच्याकडे शिल्लक होत्या. तिच्या ओरडण्याला तेवढीच वाट मोकळी होती.

मी म्हाताऱ्याचं मनगट धरून वर उचललं. "तिला लागतंय."

"लागतंय तर हात वढील की, बाय," तो शांतपणे म्हणाला.

"तिला ओढता येत नाही."

मी आईसमोर खाली बसले. "आई, भाजतंय?"

तिनं आढ्याकडे पाहिलं.

आबा निखाऱ्यापासून उठले. त्यांना ते डोळ्यांचं बोलणं नीट येत नसे, पण एवढं येत होतं. जवळ येऊन त्यांनी फार हळू आवाजात विचारलं, "पहिल्यापासनं?"

तिनं पुन्हा आढ्याकडे पाहिलं. मग डोळे खाली आणून त्यांच्याकडे पाहत राहिली.

म्हाताऱ्यानं विळा पाण्यात बुडवला. "मला कोणी सांगितलं न्हाई तिला कळतंय म्हून," तो म्हणाला, आणि चहा न घेता वाटेला लागला. आत्या पदरानं आईचं कपाळ पुसत होती आणि पुसता पुसता सारखं एकच म्हणत होती, "वैनी, ह्यो घाम व्हय. मला वाटलं इस्तवाचा."

विस्तवाला लागलेला हात मागे येतो तो मेंदूला विचारून येत नाही, हे मी नंतर त्याच पुस्तकात वाचलं. कळ मज्जारज्जूत शिरते आणि तिथल्या तिथेच आज्ञा बनून परत फिरते; मेंदूला ते मागाहून समजतं. निजलेलं मूलसुद्धा हात ओढून घेतं. निसर्गानं सगळ्यांत खालच्या पायरीवर, सगळ्यांत आधी दिलेली ही राखण आहे. आईची ती गेली होती. कळ मात्र पोचत होती, शाबूत वाटेनं, नेहमीच्याच वेगानं, आणि तिथे जाऊन बसत होती. तिला परत फिरायला रस्ता नव्हता.

जखमा भरायला वेळ लागला. दवाखान्यातून मलम आणलं. ते आबाच लावीत, पण तिच्या बाजूला बसून, तिच्या डोळ्यांपुढे न येता. त्या दिवसापासून ते तिचं सगळं मागून करू लागले. केस विंचरायचे ते मागून, पेज भरवायची ती कडेनं चमचा नेऊन. तिला मांडीवर कलती घेऊन तास तास बसत, तिचं डोकं आपल्या छातीला टेकवून, म्हणजे तिला त्यांचं तोंड दिसायचं नाही आणि त्यांना तिचे डोळे. मला ते पाहवत नसे. बोलायला तिच्याकडे डोळ्यांखेरीज काही नव्हतं, आणि ज्या माणसाशी ती सगळा जन्म बोलली तो नेमका तिथे पाहत नव्हता.

"आबा, समोर बसा ना तिच्या," मी एकदा म्हणाले.

"काय बघाया बसू?" ते म्हणाले. "तिनं काय इचारलं तर?"

मार्गशीर्षात खाचरं रिकामी झाली आणि आईचा श्वास उथळ झाला. छाती हलायची नाही, फक्त मानेतली एक दोरी ताणली जायची. सकाळी डोकं दुखतं असं ती डोळ्यांनी सांगे, आणि दिवसा सांगता सांगता डुलकी लागे. मी डॉक्टरीण बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आता विचारा.

ऊन पडवीत आलं होतं. मी आईसमोर बसून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. गळ्याला भोक, नळी, यंत्र. त्यानं जगता येईल, पण हात परत येणार नाहीत, बोलणं परत येणार नाही. मग विचारलं, "नळी घालायची?"

तिनं डोळे मिटले.

आबा तिच्या मागे होते. मी म्हणाले, "ती नाही म्हणते आहे."

"झोप लागली असंल. सारखी लागती तिला."

मी थांबले. डोळे उघडल्यावर पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा मिटले.

"उलटं इचार," आबा म्हणाले. "नळी नको का, असं इचार."

"आई, नळी नको का?"

तिनं आढ्याकडे पाहिलं. मी ते आबांना सांगितलं. मग ते तिचं डोकं हलकेच उशीवर टेकवून उठले, आणि त्या रविवारनंतर पहिल्यांदा तिच्या समोर येऊन बसले. आई त्यांच्याकडे पाहू लागली. इतक्या दिवसांचं पाहणं राहिलं होतं, ती पाहतच होती.

"अगं," ते म्हणाले, "म्या हाय की. म्या बसीन मशिनीपाशी. लाईट गेली तर हातानं श्वासाचा फुगा दाबीन, त्येबी शिकवत्यात म्हणं. घालू का नळी?"

तिनं डोळे मिटले. या वेळी ते मिटलेलेच ठेवले. आबांनी अंगठ्यानं तिची पापणी अलगद वर केली, आजारी वासराची करतात तशी. पापणीखालून ती त्यांच्याकडे सरळ पाहत होती. झोपेचा लवलेश नव्हता. त्यांनी अंगठा काढला, आणि तिनं डोळा पुन्हा मिटला.

"बरं," आबा म्हणाले.

त्यानंतर ते तिच्या समोरून हलले नाहीत. मी रजा काढून घरीच राहिले. तगमग होऊ नये म्हणून बाईंनी दिलेलं औषध मी जिभेखाली घालत असे, आणि झोप लांबत गेली. श्वास हा देहातला विचित्र कारभार आहे. माणूस ठरवून तो रोखू शकतो, आणि विसरला तरी तो चालतो. मेंदूच्या देठातून त्याचा हुकूम अखंड सुटत असतो. आईच्या मेंदूतूनही सुटत असणार. पण छातीपर्यंत तो पोचवायला हातापायांच्या त्याच जातीच्या चेता लागतात, आणि त्या उरल्या नव्हत्या. एका सकाळी दोन श्वासांमधलं अंतर वाढलं, आणखी वाढलं, आणि पुढचा श्वास आला नाही.

माझा तळहात तिच्या छातीवर होता. आबांनी विचारलं, "गेली?"

हाताखाली काळीज चालू होतं. त्याला मेंदूचा हुकूम लागत नाही, त्याची ठिणगी त्याच्याच मांसात असते. कुणी ऐकणारं नसलं तरी ते काही वेळ आपलं काम करीत राहतं. हे मला माहीत होतं आणि माहीत असण्याचा काही उपयोग नव्हता.

"चालू आहे," मी म्हणाले.

ते पुढे झुकून तिच्या डोळ्यांत पाहू लागले. डोळे अर्धवट उघडे होते, वरही नाहीत, मिटलेलेही नाहीत. तळव्याखालचे ठोके विरळ झाले, एकमेकांपासून दूर गेले.

"अजून हाय?"

मी हो म्हणाले. नुकताच एक ठोका येऊन गेला होता.

मग त्यांनी विचारलं नाही. मी हात काढला नाही, म्हणून तेही तसेच बसून राहिले, पडवीतलं ऊन खाली उतरेपर्यंत.